माझ्या नावाने आलेला पाण्याचा निरोप

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीने विचारलं, "आजी, माझं नाव आणि फोटो लावून कुणीतरी खातं उघडलंय आणि माझ्या मैत्रिणींना वाटेल ते लिहिलंय. हा ओळख चोरल्याचा गुन्हा धरायला हवा की नको?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हवा. आत टाकायला हवं त्याला." मोठे, तू म्हणालीस, तुमच्या कॉलेजात काही जणांचं म्हणणं वेगळं आहे. यात चोरी कसली, तुझं नाव तुझ्याकडेच आहे, तोंडही तुझ्याकडेच आहे, असं ते विचारतात. मागून धाकटा म्हणाला की आजी फार कडक न्यायाधीश झाली असती. मग तुमच्याकडच्या थंडीचं बोलणं निघालं आणि फोन संपला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कपाटं आवरून झाली. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग ती पद्धत आवडली नाही म्हणून पुन्हा विषयाप्रमाणे लावली. मी जे उत्तर दिलं ते चूक होतं असं नाही. पण ज्या बाईला असल्या प्रकाराशी काही देणंघेणं नाही, तिच्यासारखं मी ते दिलं. खरी गोष्ट अशी की माझीच एक अशी तक्रार पोलिसांत पडून आहे. तिच्यामुळे आमच्या खालच्या मोहल्ल्यातल्या एका बाईच्या नावावर गुन्हा राहणार की नाही, हे ठरायचं आहे. तिला अंगणवाडीत मदतनीस व्हायचं आहे आणि त्याला चारित्र्याचा दाखला लागतो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. फोनवर सांगायला गेले तर मध्येच आवाज तुटतो आणि मग मी सोपं करून सांगते. म्हणून लिहून पाठवते आहे.

तुम्हाला आमचं नवीन गावठाण आठवत असेल, सरळ रस्त्यांचं आणि सावली नसलेलं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आम्हाला धरणाच्या खालच्या अंगाला ही जागा मिळाली. वरच्या रस्त्यांवर आमच्यासारखी शेतीची आणि दुकानाची घरं, खालच्या मोहल्ल्यात मासे धरणारी. शाळेतून निवृत्त होऊन मी इथे आले तेव्हा वाटलं होतं, आता माझं इंग्रजी गंजणार. गंजलं नाही, पण कामी आलं ते माझं मराठीच.

धरणाची दारं उघडायची असली की नदीकाठच्या गावांना सूचना येते. ती वेळेवर येते आणि बरोबर असते, पण तिची भाषा सरकारी असते. एकदा मासे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने फाटकाशी उभं राहून फोन माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमी इंग्लिश शिकवत होत्या, मंग हे मराठी तरी सांगा. विसर्ग वाढून राहिला म्हणते. पाणी येऊन राहिलं का जाऊन राहिलं?"

"येत आहे," मी म्हणाले. "दुपारनंतर नदीत उतरू नका."

"मंग असंच लिवाले काय होते यायले?"

त्या दिवसापासून मी तसंच लिहू लागले. सूचना आली की मी ती वाचायची, आमच्या नदीच्या हिशेबाने तिचा अर्थ काढायचा आणि खालच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा. वर वार. मग दारं कधी उघडणार. मग काय करायचं. शेवटी 'बाई'. फुलं नाहीत, हात जोडलेली चित्रं नाहीत. गटावर त्याची थट्टा व्हायची. बाईचा मेसेज आला की हात मागे घेऊन उभं राहावं लागते, असं एकाने लिहिलं होतं. पण डोंगे वर ओढले जायचे. डोंगा म्हणजे इथली लहान नाव. धरणाचा भोंगाही वाजतो, पण वारा उलटा असला की आमच्याकडे तो ऐकू येतोच असं नाही, आणि ऐकू आला तरी लोक म्हणायचे, बाईनं काही लिवलं का पाहा.

याचा मला अभिमान होता.

आता त्या बाईविषयी. ती सकाळी टोपली घेऊन फाटकाशी येते. झिंगे, मरळ, जे जाळ्यात सापडेल ते. दहावीपर्यंत शिकलेली, माहेर साकोलीकडचं, तलावाकाठचं. इथे लग्न होऊन आली तेव्हापासून तिला नदीचा धसका. "आमच्या तलावाचं पाणी जागचं हालत नाही, बाई," ती मला म्हणायची. "ह्या नदीचं काई खरं नाही. पाय ठेवला तवा एक, काढला तवा दुसरी." तिचा नवरा धरणाच्या खाली, खडकांमधल्या डोहावर जातो. तिथे मासे जमतात, आणि पाणी आधी येतं तेही तिथेच. त्याचा थोरला भाऊ तिथेच पाण्यात गेला. हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जिभेवर तिचं नाव नेहमी येतं, पण इथे लिहीत नाही. तुम्हाला ते लागणार नाही आणि तिला ते लिहिलेलं आवडणार नाही.

पोळा होऊन गेला होता. ऊन छान पडलं होतं आणि मी गाद्या बाहेर काढल्या होत्या; सकाळपासून फोन पाहिलाच नव्हता. दुपार टळायला आली तेव्हा खालच्या मोहल्ल्यातला एक जण फाटकाशी आला.

"बाई, पाणी कवा येऊन राहिलं?"

"कसलं पाणी?"

"तुमीच तं सकाळी धाडलं."

त्याने फोन दाखवला. गटावर कुणीतरी टाकलेला एका निरोपाचा स्क्रीनशॉट होता. नंबर अनोळखी. फोटो माझा, शाळेतल्या निरोप समारंभातला, शाल घेतलेला. खाली लिहिलं होतं: 'गुरुवार. माझा जुना नंबर बंद आहे. आज दुपारी धरणाची दारं उघडतील. नदीत उतरू नका. डोंगे वर ओढा. बाई.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. माझ्या हातून नकळत गेलं की काय म्हणून मी घरात जाऊन स्वतःचा फोन तपासला.

मी परत येईपर्यंत फाटकाशी बरेच जण जमले होते. सकाळपासून सगळ्यांचे डोंगे वर, जाळी सुकत पडलेली. मासे उचलणारी गाडी येऊन रिकामी गेली होती. नदी मात्र जशीच्या तशी.

"मी पाठवलं नाही," मी म्हणाले.

"मंग कोनं पाठवलं? तुमच्याशिवाय असं कोन लिवते?"

"असे दिवस झिंग्यायचे राह्यते, बाई. आज टोपलं भरलं असतं."

"म्हणजे आता दोन बाया झाल्या," मागचा एक जण म्हणाला. "एक ओरिजिनल, एक डुप्लिकेट."

"डुप्लिकेटवाली चांगली हाय पण. ओरिजिनलसारखी रागावत नाही."

हसले सगळे. मी नाही हसले. ती त्या गर्दीत होती का, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसने तालुक्याला गेले. ठाण्यातली अधिकारी तरुण मुलगी होती, नीट बोलणारी. तिने मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

"मॅडम, तुमच्या नावाने कुणाला पैसे मागितले का?"

"नाही."

"फोटोत काही छेडछाड?"

"नाही. फोटो माझाच आहे. बरा आला आहे."

"तुमचं खातं उघडलं, पासवर्ड घेतला, असं काही?"

"नाही."

तिचा पेन थांबला. "मग नुकसान काय लिहू?"

मी म्हणाले, "असं लिहा. माझं नाव वाचून माणसं नदीत उतरतात आणि बाहेर येतात. ते नाव दुसऱ्या कुणीतरी वापरलं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग समजावून सांगितलं. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हाच आहे. फोटो वापरला आहे, त्यामुळे तक्रार घेता येईल. तुमची लिहिण्याची तऱ्हा ही ओळखीची खूण मानायची का, हे तिला सांगता येणार नव्हतं. "पण मॅडम, मी तुमचे दोन्ही मेसेज शेजारी ठेवून पाहिले," ती म्हणाली. "मलाही फरक कळला नाही."

येताना बसमध्ये मी अगदी ताठ बसले होते. त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात शिक्षाही देऊन झाली होती. रविवारी मोठीला जे उत्तर दिलं, ते या बसमध्येच तयार झालेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी वर जोराचा पाऊस झाला. आमच्याकडे आभाळ कोरडं होतं. सकाळीच सूचना आली, खरी सूचना, धरणाकडून. मी माझ्या नंबरवरून नेहमीसारखं लिहिलं. वार, वेळ, काय करायचं, बाई.

उत्तर आलं: 'कोनती बाई?'

खाली हसरे चेहरे. आणखी एक: 'ओरिजिनल असाल तं मिसकॉल द्या.' मी माझ्या आवाजात बोलून पाठवलं. त्यावर कुणीतरी लिहिलं, आवाज बी बनवता येते आता. तिथे मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि छत्री घेऊन खालच्या मोहल्ल्यात गेले. घरोघर उभी राहून सांगू लागले. मला पाहून माणसं उठली. डोंगे ओढू लागली. एक म्हातारी म्हणाली, "बाई, एवढ्या उन्हात कायले आल्या, फोन कराचा होता ना," आणि स्वतःच हसली.

तेवढ्यात ती धावत आली. डोक्यावर पदर नव्हता.

"बाई, चाला. तो डोहावर गेला. तुमचा मेसेज पाह्यला न म्हणे, डुप्लिकेट बाई पुन्हा आली. न जाळं उचललं न गेला. फोन नाही उचलून राहिला."

"तू थांबवलं नाहीस?"

तिने माझ्या हाताला धरून ओढलं.

"काहून वं, तोंड नव्हतं का तुला?" मी तिच्याच बोलीत म्हणाले.

"चाला ना बाई, तुमी स्वता चाला. तुमाले डोळ्यानं पाह्यल्याशिवाय तो नाही आयकाचा."

शेजारचा एक ऑटो निघायच्या तयारीत होता. आम्ही त्यात बसलो. रस्ता खराब, ऑटो हळू. मी सारखी घड्याळाकडे बघत होते आणि ती माझ्या घड्याळाकडे. मध्येच ती म्हणाली, "बाई, ते पह्यलं, ते मीच लिवली होती."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"गुरुवारचं. तुमचा फोटो लावला. सिम माह्या जुन्या फोनातलं. तुमचे मेसेज रोज वाचून वाचून मले पाठ झाले."

"कशासाठी?"

ऑटोवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी बोलली. जाळं खांद्यावर घेऊन माणूस उंबऱ्याबाहेर पडला की त्याला टोकायचं नसतं. कुठे चाललात विचारायचं नाही, जाऊ नका म्हणायचं नाही, मागून हाकसुद्धा नाही. हे मलाही माहीत होतं. आपल्या घरातही बाहेर निघालेल्याला 'कुठे' असं कुणी विचारत नसे. पण तिच्या घरात या गोष्टीचं वजन वेगळं आहे. थोरला दीर गेला त्या सकाळी तिची जाऊ त्याला म्हणाली होती, आज नका जाऊ. तो गेला आणि परत आला नाही. पाणी आलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. तरी मोहल्ला म्हणाला, टोकलं म्हणून गेला. जाऊ शेवटी माहेरी निघून गेली.

"त्या गुरुवारी माह्या मनात लय वाईट येऊन राहिलं होतं, बाई. कायले ते नाही सांगता येत. माह्या तोंडानं अडवलं तं टोकणं होते. तुमच्या तोंडानं अडवलं तं नाही होत. म्हून थोडा वेळ तुमचं तोंड घेतली. फक्त त्याले धाडली होती. त्यानं स्क्रीनशॉट काढून गटावर टाकला."

त्या क्षणी मला तिचा राग आला होता आणि ऑटो आणखी जोरात जावा असंही वाटत होतं.

नदीवर पोचलो तेव्हा पाणी अजून खालीच होतं. स्वच्छ, शांत, खडक कोरडे. तो मधल्या खडकावर पाठमोरा उभा राहून जाळं सारखं करत होता. त्याच्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. तिथेही तिने त्याला हाक मारली नाही. तिने माझाच छत्रीचा हात धरून वर उचलला. मी छत्री हलवली आणि ओरडले. शाळा सोडल्यापासून इतक्या मोठ्याने मी ओरडले नव्हते.

तो वळला. "कोन?"

"मी. बाई."

"कोनती?"

त्या नदीत, त्या वेळी, तो मला हे विचारत होता. आणि माझ्याकडे दाखवायला काय होतं? मी म्हणाले, "काल जिच्या घरी तुम्ही शिळी मरळ पाठवली, ती. बाहेर या."

तो जोरात हसला. "आता ओरिजिनल," तो म्हणाला, आणि हातातली दोरी सोडून खडकांवरून आमच्याकडे येऊ लागला. सावकाश, एक एक खडक पाहत. काठाशी आल्यावर म्हणाला, "शिळी नव्हती बाई, उन्हानं तशी लागली असन." मग बायकोकडे पाहिलं. तिच्याशी काही बोलला नाही.

जाळं तिथेच राहिलं होतं. आणतो म्हणाला, मी नाही म्हटलं. आम्ही वर झाडाखाली थांबलो. पाणी आलं तेव्हा आवाज आधी आला. बघता बघता तो मधला खडक दिसेनासा झाला, जाळं गेलं, आणि त्याच्या पलीकडची झुडपंही. तो उकिडवा बसून पाहत होता. तिने तोंडात पदर धरला होता. मला वाटलं आता ही रडेल, पण ती रडली नाही.

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. यापुढचं सांगताना पुन्हा उठून खिडकीशी जावंसं वाटतं.

माझी तक्रार ठाण्यात होती आणि ती कुणाविरुद्ध आहे हे आता मला माहीत होतं. मी गप्प बसले. सायबरवाल्यांना नंबर सापडणार नाही अशी आशा करत बसले. मीच तक्रार केलेली आणि मीच तपास फसावा म्हणून वाट बघणारी. तिची टोपली रोज यायची. ती मासे द्यायची, मी घ्यायचे, आणि मधलं काही आम्ही दोघीही बोलायचो नाही. मग ठाण्यातून फोन आला. नंबर सापडला होता. "तुमच्याच गावचा निघाला, मॅडम. तुम्ही ओळखत असाल." तिला चौकशीला बोलावलं गेलं आणि मोहल्ल्याला सगळं कळलं.

त्या संध्याकाळी तिचा नवरा आणि मोहल्ल्यातले दोघे वडीलधारे माझ्याकडे आले. ओट्यावर बसले. चहा घेतला.

"बाई, एक गोष्ट सांगा ठाण्यात," त्यातला म्हातारा म्हणाला. "तुमीच तिले लिवाले सांगतलं होतं म्हणा. फोन बिघडला होता, म्हून तिच्या फोनवरून. झालं, मिटलं."

"पण मी सांगितलं नव्हतं."

"आता सांगा. तेव्हाचं आता सांगतलं तं काय बिघडते?"

"आणि पाणी आलं नाही त्याचं काय सांगू?"

"समजाले चूक झाली म्हणा. माणसाची होते." त्याने बशी खाली ठेवली. "तुमचीबी होत असन."

तिचा नवरा इतका वेळ खाली बघत होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मले?" तो म्हणाला. "तिनं मले तोंडानं सांगतलं असतं तं मी थांबलो असतो काय? नसतो थांबलो. वरून शिव्या देल्या असत्या. ते बी तिले माहीत हाय." मग म्हणाला, "पण बाई, दुसऱ्यांदा मी गेलो ते बी तिच्यामुळंच ना."

हेच मला सुटत नव्हतं. पहिल्या निरोपात त्याचा जीव वाचावा एवढीच इच्छा होती. त्या निरोपाने खऱ्या निरोपाची किंमत घालवली आणि तोच तिचा नवरा हसत हसत डोहावर गेला. मी त्या दिवशी घरी नसते, ऑटो मिळाला नसता, तर? तिचा हेतू चांगला होता म्हणून खडक बुडायचा राहिला नसता. म्हातारा सांगत होता ते एक वाक्य म्हटलं असतं तर ती सुटली असती. पण मग गावात कायमचं ठरलं असतं की बाई पाणी नसताना पाणी सांगते. पुढच्या वेळी कुणी उठलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. माझ्या नावाने दुसऱ्याने खोटं सांगितलं म्हणून मी ठाण्यात गेले होते. आता तेच खोटं मी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. मला जमेना. यात तत्त्व किती आणि हट्ट किती, हे मी तुम्हाला नक्की सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, "मी खोटं सांगणार नाही."

"मी कुठं म्हटलं सांगा म्हून," ती म्हणाली. "ते आले होते, मी नाही आली." मग टोपलीतली मरळ उलटसुलट करत म्हणाली, "ते मॅडम चोरी म्हणत होती. मी तं काई चोरली नाही बाई. घेतली न वापस देली."

"न विचारता घेतलं त्यालाच चोरी म्हणतात."

तिने एक मरळ बाजूला काढली. "हो," ती म्हणाली. "मंग असन." आणि विचारलं, "अर्धा किलो देऊ का?"

परवा मी जबाब देऊन आले. तक्रार मागे घेते असं म्हणून पाहिलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ते आता इतकं सोपं नाही. गुन्हा नोंदला गेला की तो सरकारचा होतो. त्यातून जिची ओळख वापरली ती व्यक्ती बाई असली, की आपसात मिटवायला आणखी अडचण येते. कायदा तुमच्या बाजूने कडक आहे." माझ्या बाजूने. मी ते ऐकून घेतलं. मग जे घडलं ते क्रमाने सांगितलं. निरोप मी पाठवला नव्हता आणि पाठवायला सांगितलाही नव्हता. तिने त्यातून काही मिळवलं नाही. तिने तो फक्त नवऱ्याला पाठवला होता. त्या निरोपामुळे लोकांचा माझ्यावरचा विश्वास गेला आणि एक माणूस बुडता बुडता राहिला. तो का बुडाला नाही, हेही सांगितलं, आणि त्याला पाण्याबाहेर काढायला मला घेऊन गेली ती तीच होती, हेही. टोकण्याबद्दल सांगायला लागले तेव्हा त्या मुलीने मान हलवली. ती चंद्रपूरकडची होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. "हेही लिहिते," ती म्हणाली. "कामी येईल की नाही माहीत नाही." तिच्या मते अप्रामाणिक हेतू दिसत नाही असा अहवाल जाऊ शकतो. तसंच झालं तर पुढचं सगळं थांबेल. नाही झालं, तर कोर्ट. किती दिवस लागतील हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर मोठे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता असं आहे. तू तक्रार कर. ज्याने तुझ्या तोंडाने तुझ्या मैत्रिणींना घाण लिहिलं, त्याला तुला आणि त्यांना दुखवायचं होतं. तुझं नाव तुझ्याकडेच आहे असं म्हणणाऱ्यांना सांग, माझंही माझ्याकडेच होतं. त्या दिवशी ते माझ्या हातात होतं आणि तरी मी नदीकाठी उभी राहून शिळ्या मरळीची साक्ष देत होते. तेव्हा हो, तो गुन्हा धरायला हवा. रविवारीही मी हेच म्हणाले होते. फक्त तेव्हा 'आत टाका' म्हणताना मी कुणाचा चेहरा पुढे येऊ दिला नव्हता. आता तो समोर आहे, आणि रोज सकाळी फाटकाशी येतो. कायद्याने दोघांनाही एकाच शब्दाने हाक मारावी का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी पुन्हा पुन्हा विचार करते, मध्येच उठते, पाणी पिते, परत बसते. धाकट्याला सांग, आजी न्यायाधीश झाली असती तर निकाल कायम राखूनच ठेवले असते.

अंगणवाडीची निवड अजून झालेली नाही. ती दाखल्यासाठी अर्ज करायला घाबरते आहे. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "नको बाई, तुमी सोबत असल्या तं ते विचारतीन, ह्याच का त्या." गटावर अजून मला कुणी ना कुणी 'कोनती' म्हणून विचारतं, तेव्हा मी निरोप लिहिते आणि मग छत्री घेऊन खाली जाते. तिची जाऊ माहेरीच आहे. नवं जाळं आलं आहे आणि ते खांद्यावर घेऊन तिचा नवरा निघतो तेव्हा ती अजूनही काही बोलत नाही. तो मात्र हल्ली फाटकावरून जाताना थांबतो आणि मला विचारतो, "बाई, आज काई लिवलं का?" मी नाही म्हटलं तर जातो, हो म्हटलं तर परत घरी वळतो.

गुन्हा अजून आहे. तिचा नवराही आहे.